ठोकळ्याची डावी बाजू

माझ्या भाऊजींना बाजारात सगळे काटकोनसाहेब म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. ते इमारतींची लाकडी मॉडेलं करतात. म्हणजे करायचे. शाळा, दवाखाना, पूल, नाट्यगृह, जे काही बांधायचं असेल ते आधी भाऊजींच्या टेबलावर हातभर उंचीचं उभं राहायचं आणि मग खरं. खऱ्या इमारतींचे कोपरे पुढे कसे निघाले ते बांधणाऱ्यांना ठाऊक. "माझ्या टेबलावरून मात्र वाकडा कोपरा कधी बाहेर गेला नाही," असं भाऊजी चारचौघांत सांगायचे आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. त्यातली माझी मान खोटी डोलत होती.

मी त्यांची मेहुणी. पोस्टात खिडकीमागे बसून नोकरी केली, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि ताईच्या घराखालच्याच मजल्यावर खोली घेतली. त्यामुळे त्या घरातलं सगळं मला माहीत, नको तेही. ताईला जाऊन आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून भाऊजींना सकाळचा चहा मी नेऊन देते आणि त्याबरोबर दोन शब्द सुनावूनही येते. कोणीतरी सुनावायला हवं ना.

कोपरा घासणं हे काम बघायला गेलं तर काहीच नाही. एक जाड काच, तिच्यावर चिकटवलेला पॉलिश पेपर, आणि त्यावर साबणाच्या वडीएवढा लाकडाचा ठोकळा. घासायचा लहान तुकडा त्या ठोकळ्याला पाठ टेकवून उभा धरायचा आणि कागदावरून हलकेच ओढायचा. ठोकळा सरळ असेल तर तुकड्याचा तळही सरळ निघतो. ओढायचं एकाच दिशेनं. ओढलं, उचललं, परत आणलं. पुढेमागे घासायला गेलं की हात डुलतो आणि कड गोल होते. दोनदा ओढून झालं की तुकडा गुण्याला लावायचा. गुण्या म्हणजे सुतारांचा पोलादी काटकोन. मग दोन्ही मिळून खिडकीसमोर धरायचे. पोलाद आणि लाकूड यांच्यामधून उजेड दिसला की तुकडा बाद. केसाएवढा दिसला तरी बाद.

"उजेड दिसतो की नाही, एवढंच बघायचं," भाऊजी म्हणायचे. "आवडला का, छान आहे का, ते बाकीच्यांनी ठरवावं."

असला माणूस घरात असणं म्हणजे काय ते ताईलाच विचारायला हवं होतं. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा बोलता बोलता उठून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं होतं. माझे वडील म्हणाले, "मुलगा व्यवस्थित दिसतो." मी तेव्हाच ताईच्या कानात म्हटलं होतं की हा तुला रोज सरळ करेल. पण ताई त्यांना पुरून उरली. ती त्यांचं सगळं ऐकायची आणि करायची मात्र स्वतःच्या मनासारखं. मॉडेल जोडायचं काम तिचं. भाऊजी घासायचे, ती गोंद लावून बसवायची. तिचा हात हलका होता.

त्यांना एकच मुलगी. घरात तिला मासोळी म्हणत, कारण लहानपणी आंघोळ घालताना ती हातातून सुळकन निसटायची. सातव्या-आठव्या वर्षापासून ती रोज संध्याकाळी शाळेतून आली की दप्तर भिरकावून थेट भाऊजींच्या टेबलाशी. तिच्यासाठी एक बुटकं स्टूल होतं, टेबलाच्या डाव्या अंगाला. भाऊजी उजवीकडे, ती डावीकडे, मधे तो ठोकळा. दोघं एका कागदावर घासत बसायचे. ती डावखुरी. जीभ जराशी बाहेर काढून, श्वास रोखून अशी घासायची की मला खालून हाक मारायचाही धीर व्हायचा नाही. प्रत्येक तुकड्याच्या तळाशी पेन्सिलीनं एक इवलासा मासा काढायची. ती तिची सही. गुण्या लावायचं काम भाऊजींचं, म्हणून मग तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवायची.

"छान," भाऊजी म्हणायचे.

आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली की तिचे तुकडे रद्दीच्या पेटीत टाकून स्वतः नवे करायचे.

मी हे पाहिलं होतं. ताईनंही पाहिलं होतं. ताईचं म्हणणं होतं की पोरीला खरं सांगा. भाऊजी म्हणायचे, "लहान आहे. कशाला हिरमोड करायचा?" मला विचाराल तर त्यांना तिच्याजवळ बसण्यात इतकं सुख होतं की वाकडा आहे म्हटल्यावर ती उठून जाईल, याची त्यांना भीती वाटायची. काटकोनसाहेबांनी आयुष्यात खोटं बोलावं ते एवढंच, आणि तेही मायेपोटी.

ती अकरा वर्षांची असताना गावच्या ग्रंथालयाचं काम आलं. छप्पर उचललं की आतली वाचनाची खोली दिसेल, असं मॉडेल हवं होतं. आत चाळीस कपाटं, प्रत्येक अंगठ्याच्या नखाएवढं. चाळीसच्या चाळीस मासोळीनं घासली, तीन आठवडे खपून. मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं की ग्रंथालयातली कपाटं माझी आहेत. आणि एका दुपारी बाहुलीच्या पलंगासाठी लाकूड शोधायला तिनं रद्दीच्या पेटीत हात घातला.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते सगळे तुकडे जमिनीवर ओळीनं मांडले, मोजले, परत पेटीत भरले आणि हात धुऊन अभ्यासाला बसली. संध्याकाळी भाऊजींनी हाक मारली, "आज येत नाहीस?"

"अभ्यास आहे," ती म्हणाली.

तो अभ्यास आज एकतीस वर्षं चालू आहे.

भांडण नाही, तंटा नाही, अबोला म्हणावा तर तोही नाही. मोठी झाली, शिकली, लांबच्या शहरात रेल्वेच्या वेळापत्रकाच्या ऑफिसात लागली. स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, जावई सोन्यासारखा आहे. दर रविवारी सहा वाजता तिचा फोन येतो. "बरे आहात ना? औषधं घेता ना?" वर्षातून दोनदा येते, सकाळच्या गाडीनं, आणि दुपारी चार दहाच्या गाडीनं जाते. पाहुण्यांच्या खुर्चीत ताठ बसते. भाऊजी फोनच्या आधी अर्धा तास तयार होऊन बसतात आणि दोन मिनिटांत बोलणं संपलं की रिसीव्हर ठेवून टेबलाशी जातात. ते बुटकं स्टूल अजून डाव्या अंगाला आहे. त्यावर कोणी बसत नाही. मी एकदा पिशवी ठेवली तर उचलून माझ्या हातात दिली. मुलीची आठवण येते, असं ते कधी बोलले नाहीत. पण सत्तरी ओलांडलेला माणूस रोज एका रिकाम्या स्टुलावरची धूळ पुसतो, तेव्हा आणखी काय बोलायचं राहिलं?

गेल्या दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. कामं बंद झाली. तरी रोज सकाळी एक तुकडा घेऊन बसतात, घासतात, खिडकीसमोर धरतात आणि पेटीत टाकतात.

अशात मागच्या महिन्यात ग्रंथालयाच्या बाई ते मॉडेल घेऊन आल्या. सामान हलवताना वर खोकं पडलं होतं. छप्पर चेपलेलं, पुढच्या सहा पायऱ्यांचा चुरा झालेला. "छप्पर आणि पायऱ्या तेवढ्या करून द्या. घाई नाही," म्हणाल्या. बाई गेल्या, पण माझा पाय काही खाली वळेना. कारण छप्पर बसण्याआधी भाऊजींनी आत पाहिलंच नव्हतं. मॉडेल द्यायच्या आदल्या दिवशी ते तापानं फणफणले होते. आतली जुळणी आणि छप्पर ताईनं उरकलं होतं. मी शेजारी बसून गोंदाची वाटी धरली होती.

भाऊजींनी छप्पर उचललं. आत वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ही कपाटं माझी नाहीत," ते म्हणाले.

चाळीसच्या चाळीस कपाटं अगदी जराशी डावीकडे कललेली. तुम्हा-आम्हाला दिसलंही नसतं. खोकं पडल्यामुळे दहा-अकरा सुटी झाली होती. त्यांनी एक चिमटीत धरून उलटं केलं. तळाशी मासा. पेन्सिल फिकट झाली होती, पण शेपूट स्पष्ट होती.

ते माझ्याकडे बघायला लागले. मी खाली गेले आणि ताईचा बटणांचा डबा घेऊन आले. त्यात बटणांखाली कापडात बांधलेली भाऊजींची चाळीस कपाटं होती, सरळसोट, एकतीस वर्षं उजेड न पाहिलेली.

"ताईनं बदलली," मी म्हटलं. "त्याच दुपारी पेटीतून पोरीची काढून ठेवली होती. म्हणाली, ती मोठी झाली की मीच तिला नेऊन दाखवेन. मग आज नको उद्या करत राहिलं, आणि मग ताईच राहिली नाही."

"आणि तू?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मला तुमचा राग होता. पोरीचा चेहरा मी पाहिला होता त्या दिवशी. म्हटलं, या माणसाला आयतं समाधान कशाला द्यायचं? पुढे राग गेला, पण तोवर इतका उशीर झाला होता की तोंड उघडायची लाज वाटायला लागली."

मला वाटलं, आता कडाडतील.  पण ते सुटी कपाटं एकेक करून गुण्याला लावत गेले. हात थरथरत होता म्हणून कोपर खिडकीच्या कट्ट्यावर रोवलं होतं. पहिल्यातून उजेड दिसला. दुसऱ्यातून दिसला. अकरा झाली तेव्हा ते खाली बसले.

"सगळी एकसारखी आहेत," म्हणाले.

"सगळी वाकडी, तेच ना? कळलं. आता तरी सोडा."

"तुला कळत नाहीये. कच्चा हात दर वेळी वेगळा चुकतो. एकदा इकडे, एकदा तिकडे. ही अकराच्या अकरा केसाचाही फरक नाही अशी कललीत. एवढा पक्का हात माझाही नव्हता त्या वयात."  मग एकदम उठले आणि तो ठोकळा उचलला. तोच, जुना, घामानं काळा पडलेला. त्याची उजवी बाजू गुण्याला लावली. उजेड नाही. मग डावी बाजू लावली. मला बिनचष्म्याचाही दिसला, इतका उजेड.

ठोकळा केला तेव्हा ते एकटेच काम करत होते. तुकडा उजव्या बाजूला टेकवणार, म्हणून उजवी बाजू घासून काटकोनात आणली. डावी करवतीनं कापली तशीच राहू दिली, कारण तिचा उपयोगच नव्हता. पुढे डावखुरी पोर डावीकडे येऊन बसली आणि चार वर्षं त्या बाजूला टेकवून इमानदारीनं घासत राहिली. जगातला प्रत्येक कोपरा तपासणाऱ्या माणसानं स्वतःचा ठोकळा तेवढा कधी तपासला नाही.

भाऊजी रडले. ताई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. ठोकळा मांडीवर होता आणि ते त्याच्या डाव्या बाजूवरून बोटं फिरवत होते. मीही रडले, आणि स्वतःला चार शिव्या घातल्या.

मासोळी यायला आठ दिवस होते. ते आठ दिवस भाऊजींनी दुसरं काही केलं नाही. ठोकळ्याची डावी बाजू घासत बसले. दोनदा ओढायचं, उचलायचं, खिडकीसमोर धरायचं. हात दगा द्यायचा. कधी वरून उजेड, कधी खालून. मी चहा घेऊन जायची तर तोच गार होऊन परत यायचा. सातव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. तू बघ." मी पाहिलं. नव्हता उजेड.

"भाऊजी, एक सांगू?" मी म्हटलं. "तिला सांगा की कपाटं तुम्हीच लावली होतीत. ताई काही रागावणार नाही. पोर आयुष्यभराचं विसरेल."

"नको," ते म्हणाले. "उजेड दिसेल."

ती शनिवारी आली. खुर्चीत बसली, पर्समधून औषधांच्या गोळ्या काढल्या, त्यांचा थरथरणारा हात हातात घेऊन डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. हात पटकन सोडूनही दिला. जेवणं झाली. तिनं एकदा घड्याळ पाहिलं.  मग भाऊजी म्हणाले, "ग्रंथालय परत आलंय."

तिचा चेहरा बंद झाला. माझ्या ओळखीचा होता तो चेहरा, अकरा वर्षांचा.

त्यांनी छप्पर उचललं. "आत काही कपाटं सुटी आहेत, एखादं घे. उलटं करून बघ."

तिनं बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग दुसरं उचललं, तिसरं उचललं.

"हे तुम्ही लावलेत?"

मी भाऊजींकडे पाहिलं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "मी टाकले होते. तुझ्या आईनं लावले. मला आठ दिवसांपूर्वी कळलं." आणि ठोकळा तिच्यापुढे ठेवून, अडखळत, त्यांनी डाव्या बाजूचं सगळं सांगितलं. "तुझा हात कधीच चुकत नव्हता. माझा ठोकळा चुकत होता."

"पण तुकडे वाकडेच होते ना?"

"वाकडे होते."

"आणि तुम्ही छान म्हणायचात."

"हो."

"रोज म्हणायचात, बाबा." तिनं हातातलं कपाट टेबलावर ठेवलं. "टाकलेत त्याचं मला काही नव्हतं. एकदा म्हणायचं होतंत की वाकडा आहे. मी परत केला असता. दहा वेळा केला असता. मला तर तिथे बसायलाच हवं होतं."

  एकतीस वर्षं दोघांना एकच गोष्ट हवी होती, एका टेबलाशी बसायचं होतं, आणि दोघंही तसं कधी बोलली नव्हती. ताई असती तर तिनं दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला असता.

शेवटी त्यांनी ड्रॉवरमधून लाकडाचे सहा लहान तुकडे काढले. "पायऱ्या करायच्यात. माझ्या हातानं होत नाहीत."

ती उभी राहिली. मला वाटलं, पर्स उचलते. तिनं पाय लावून बुटकं स्टूल पुढे ओढलं आणि बसली. गुडघे टेबलाला आपटले. बेचाळीस वर्षांची बाई ती, त्या स्टुलावर मावणार कशी? पण बसली. डाव्या हातात तुकडा धरला, ठोकळ्याच्या डाव्या बाजूला टेकवला आणि ओढला. उचलला. परत आणला. पद्धत तिचा हात विसरला नव्हता. जीभ बाहेर आली होती.

तिनं तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. भाऊजींनी कोपर कट्ट्यावर रोवलं, गुण्या लावला आणि खिडकीसमोर धरला. मी मनात म्हणत होते, अहो छान म्हणा, काय बिघडतं, आज एक दिवस छान म्हणा.

"वाकडा आहे," भाऊजी म्हणाले. "परत कर."

मी कपाळावर हात मारणार, तेवढ्यात तिच्याकडे लक्ष गेलं. तिनं मनगटानं नाक पुसलं आणि स्टूल त्यांच्या बाजूला सरकवलं.

"कुठे?"

"वरच्या कडेला. उचलताना हात डुलतोय तुझा."

तिनं मान हलवली, तुकडा घेतला आणि पुन्हा घासायला बसली. भाऊजी तिच्या हाताकडे बघत होते. खोलीत कागदावरून लाकूड ओढल्याचा तेवढा आवाज होता. घड्याळाकडे तिनं पाहिलं नाही. मी पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पण गप्प बसायची मला जुनी सवय आहे.